सगळ्यात लांबडं उत्तर

कडाचीवाडी, चाकण
१६ जानेवारी २०२५

कोर्स बनवणाऱ्या साहेबांना,

सगुणाबाई कड हिचा नमस्कार. तुमी मला ओळखत न्हाई. तुमचा पत्ता मला माझ्याच सर्टिफिकेटच्या तळाला बारीक अक्षरात सापडला. 

मी इथल्या एका कंपनीत पॅकिंगला हाय, चार वर्षं झाली. आमच्याकडं गाडीच्या दरवाजात बसणाऱ्या लोखंडी पिना बनतात. दिवाळीनंतर कंपनीनं सांगितलं, पॅकिंगच्या बायांतून काही जणींना क्वालिटीत घेणार, पण आधी मोबाईलवर मापाचा कोर्स करायचा. वर्निअर, म्हणजे जाडी मोजायची सरकती पट्टी, कसं वापरायचं त्याचा. तो कोर्स तुमचा. मी माझ्या पोरीच्या, मोनिकाच्या, फोनवर केला आणि मला शंभरपैकी शंभर मार्क पडले. सर्टिफिकेटला सोनेरी फीत हाय. मोनिकाच्या वडलांनी ते देवघराशेजारी लावलं.

सोमवारी क्वालिटीच्या ज्ञानेश साहेबांनी माझ्या हातात वर्निअर दिलं, एक पिन दिली आणि म्हणले, "बाई, माप सांगा."

साहेब, मी ते उलटं धरलं. सरळ करून दिल्यावर पिन खाली पडली. मग मी म्हणलं "बारा", कारण डब्यावर बारा लिहिलेलं होतं. सगळी लाइन हसली. ज्ञानेश साहेब हसले न्हाईत, त्याचं मला जास्त वाईट वाटलं. आता कॅन्टीनमध्ये मला "शंभरनंबरी" म्हणतात.

क्वालिटीच्या टेबलावर जी बाई बसते तिला विचारल्याशिवाय माल जागचा हलत न्हाई. मला तिथं बसायचंय. एप्रिलच्या शेवटी परत परीक्षा हाय. तेव्हा जमलं न्हाई तर मी पॅकिंगलाच.

कोर्सच्या शेवटी "आपले मत द्या" म्हणून पाच चांदण्या होत्या. मला जे सांगायचंय ते चांदण्यांत बसंना. फोन केला असता, पण तोंडानं बोलताना माझा राग वाढतो, कागदावर नीट बसतो. म्हणून पत्र. उत्तर पत्रानंच द्या.

सगुणाबाई कड

०

हिंजवडी
२४ जानेवारी २०२५

माननीय सगुणाबाई कड यांस,

आपले पत्र मिळाले. आपल्या अभिप्रायाबद्दल आमची संस्था आभारी आहे.

"अचूक मापन : पाया" हा आमचा सर्वाधिक पूर्ण केला जाणारा कोर्स असून आजवर अठ्ठ्याण्णव टक्के प्रशिक्षणार्थींनी तो यशस्वीरीत्या पूर्ण केला आहे. आपल्याला काही भाग अस्पष्ट वाटल्यास बेचाळीस मिनिटांचा व्हिडिओ पुन्हा शांतपणे पाहावा, ही विनंती.

आपल्या पुढील वाटचालीस शुभेच्छा.

निरंजन टोम्पे
कोर्स डिझायनर

०

कडाचीवाडी
३१ जानेवारी २०२५

निरंजन सर,

तुमचं पत्र मोनिकानं मोठ्यानं वाचलं. ती म्हणाली, "आई, हे कुणी माणसानं लिहिलंय असं वाटत न्हाई." मी म्हणलं, खाली सही शाईनं केलीय, म्हणजे माणूस हाय.

तुमी व्हिडिओ परत बघायला सांगता. खरं सांगू का? मी पहिल्यांदाही बघितला न्हाई. फोन भिंतीला टेकवून ठेवला आणि पावटा सोलत बसले. मधेमधे तो विचारायचा, "आपण पाहत आहात ना?" मग मी कोपरानं "होय" दाबायची, बोटं ओली असायची म्हणून. आमच्या लाइनवरच्या सगळ्या बाया असंच करतात.

आता तुमी म्हणाल, मग शंभर मार्क कसे? सर, तुमच्या प्रश्नाला चार उत्तरं असतात. त्यातलं सगळ्यात लांबडं उत्तर बरोबर असतं. हे पहिल्यांदा शालनबाईनं शोधलं, ती माझ्या शेजारी डबे बांधते. एक-दोन ठिकाणी चुकतं, तिथं परत बसायची सोय हाय. वीस प्रश्न चार मिनिटांत होतात.

यात चूक आमची हाय, मी नाकारत न्हाई. पण मला खरंच शिकायचं होतं. पहिली दहा मिनिटं मी वही घेऊन बसले होते. तुमचा माणूस बोलतच राहिला, मला त्यानं काहीच विचारलं न्हाई. मग मी पावटा घेतला.

एक विचारायचं राहिलं. तुमी वर्निअर कुठल्या हातानं धरता? मी डावखुरी हाय.

सगुणाबाई

०

मारुंजी
१० फेब्रुवारी २०२५

सगुणाबाई,

हे पत्र घरून लिहितोय, ऑफिसच्या कागदावर नाही.

तुमचं पत्र वाचल्यावर मी माझेच वीस प्रश्न काढून बसलो. पट्टी घेऊन उत्तरं मोजली. वीसपैकी सतरा ठिकाणी बरोबर उत्तर सगळ्यात लांब आहे. असं का झालं तेही कळलं. बरोबर उत्तर लिहिताना कुणी बोट दाखवू नये म्हणून मी एकेक शब्द वाढवत गेलो होतो, आणि चुकीची उत्तरं कंटाळून दोन-तीन शब्दांत उरकली होती. या कोर्सला गेल्या वर्षी आमच्या ऑफिसात बक्षीस मिळालं. माझ्या टेबलावर त्याची काचेची ट्रॉफी आहे. ती मी सध्या कपाटात ठेवली आहे.

माझ्याबद्दल सांगतो. मी लातूरकडचा. तिथं दोन वर्षं शिकवण्या घेतल्या, मग इकडे आलो. मारुंजीत तिघं मिळून भाड्यानं राहतो. मुलांसमोर शिकवायचो तेव्हा त्यांचे चेहरे दिसायचे. इथं मला फक्त टक्के दिसतात. अठ्ठ्याण्णव टक्के बघून मी खूश होतो, त्यातल्या किती जणी पावटा सोलत होत्या हे कुठल्याच तक्त्यात नव्हतं.

कोर्स मला नव्यानं करायचा आहे. तुमच्या परीक्षेआधी. तुम्ही मदत कराल का? एवढंच सांगा, की आयुष्यात एखादी गोष्ट तुम्ही अगदी पक्की शिकलात, ती कशी शिकलात?

निरंजन

ता. क. डावखुऱ्यांबद्दल माहिती काढून कळवतो.

०

कडाचीवाडी
१८ फेब्रुवारी २०२५

निरंजन सर,

कपाटातून ट्रॉफी काढा. तिचा काय दोष.

मी पक्की शिकले ती गोष्ट म्हणजे कांदा निवडायची. माझं माहेर मुळशीकडं, भाताचं. लग्न होऊन आले तेव्हा कांदा मला फक्त चिरायचा माहीत. तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी, अंबूबाई त्यांचं नाव, मला वखारीत नेलं, ढिगासमोर बसवलं आणि एकच शब्द म्हणल्या, "निवड." आणि गेल्या.

मी आपले तीन ढीग केले. मोठा, मधला आणि बारीक, त्याला आमी गोल्टी म्हणतो. तासाभरानं त्या आल्या. माझ्या मोठ्या ढिगातले सात कांदे उचलून बाजूला ठेवले आणि विचारलं, "ह्ये का काढलं, सांग." मी म्हणलं, डाग हाय. "न्हाई." मी म्हणलं, रंग फिका. "न्हाई." मला रडू यायला लागलं. तर त्यांनी दोन कांदे माझ्या दोन हातांत दिले. "मान दाब." एकाची मान कडक, एकाची मऊ आणि जाड. मऊ मानेचा टिकत न्हाई, आतून सडतो. ते त्यांनी सांगितलं न्हाई. माझ्या बोटांना कळलं, मग मी बोलले, मग त्या "व्हय" म्हणल्या.

चौथ्या दिवशी नवी मजूरबाई आली, तर मला म्हणल्या, "हिला तू शिकव." तिला शिकवताना मला कळलं, मला काय काय येत न्हाई ते.

पंचवीस वर्षं झाली. आता मी डोळे मिटून कांदा निवडते. अंबूबाई अजून माझ्या ढिगातून एखादा उचलतातच, पण आता मी भांडते.

तुमच्या कामाचं यात काही हाय का, बघा.

सगुणाबाई

०

मारुंजी
५ मार्च २०२५

सगुणाबाई,

कामाचं यात काही आहे का म्हणून विचारता! मी ते पत्र चार वेळा वाचलं.

माझ्या लक्षात आलं की माझा कोर्स कंटाळवाणा होता, म्हणून तुम्ही उठून गेलात. तर आता मी तो असा केलाय की उठून जावंसंच वाटणार नाही! पंधरा दिवस बसलो होतो. यात मिठू नावाचा पोपट आहे. बरोबर उत्तर दिलं की तो "शाब्बास, मैत्रिणी!" म्हणतो, फुगे फुटतात, चांदण्या मिळतात. कुणाला जास्त चांदण्या त्याची रोज यादी लागते. उत्तरंही सगळी मी पट्टीनं मोजून सारख्या लांबीची केली आहेत.

मोनिकाच्या फोनवर पाठवतोय. शालनबाई आणि बाकीच्यांनाही खेळायला द्या. आमच्या बॉस विजयश्री मॅडमना अजून दाखवलेलं नाही, आधी तुमचं मत हवं.

उत्साहात,
निरंजन

०

कडाचीवाडी
१३ मार्च २०२५

निरंजन सर,

कोर्स मिळाला. लई छान हाय. पोपट छान हाय. आमी सहा जणींनी केला. सगळ्यांना आवडला. फुगे पण छान.

कांदा काढणी चालू हाय म्हणून थोडक्यात लिहिते. छान हाय.

सगुणाबाई

०

कडाचीवाडी
२० मार्च २०२५

निरंजन सर,

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. आठ दिवस झाले, मनातून जाईना.

तुमी पंधरा दिवस बसून केलंत, म्हणून मला बोलवंना. पण अंबूबाईंनी माझ्या ढिगाला नुसतं "छान" म्हणलं असतं तर आज मी कुठं असते? म्हणून आता खरं लिहिते.

खेळायला मजा येते. शालनबाईला नऊशे चांदण्या मिळाल्या, ती यादीत पहिली हाय, आणि सातवीतल्या पोरासारखी सगळ्यांना दाखवत फिरते. पण तुमचा मिठू फितूर हाय. उत्तरावर बोट दाबून धरलं, की बरोबर असलं तर त्याची मान आधीच हलायला लागते. "शाब्बास" नंतर येतो. मग आमी प्रश्न कशाला वाचू? मान कुठं हलते तेवढं बघतो.

परवा जेवणाच्या सुट्टीत मी ज्ञानेश साहेबांकडून वर्निअर मागून आणलं. सहाही जणींना एकेक पिन दिली. सहा जणींपैकी एकीलाही माप सांगता आलं न्हाई. नऊशे चांदण्यावाली तर म्हणाली, "अगं, यात पोपट कुठाय?" आमी पोट धरून हसलो, पण सर, पोपट आमचाच झाला होता.

अंबूबाईंच्या ढिगात मजा नव्हती. मला घाम फुटायचा. तरी मी उठून गेले न्हाई, कारण कांदे माझ्या हातात होते आणि त्या मला विचारत होत्या.

राग मानू नका. महिना राहिलाय.

सगुणाबाई

०

मारुंजी
२० मार्च २०२५

सगुणाबाई,

तुमच्या पत्रात "छान" चार वेळा आहे. आधीच्या एकाही पत्रात तुम्ही एकदाही छान म्हणाला नव्हता. त्यामुळे मला जे कळायचं ते कळलं. नक्की काय बिघडलं ते तुम्ही सांगालच, पण त्याआधी मला एक सांगायचं आहे. दोन महिने मी ते टाळतोय.

तुम्ही विचारलं होतं, वर्निअर कुठल्या हातानं धरता. मी उत्तर दिलं नाही, कारण मी आयुष्यात वर्निअर हातात घेतलेलं नव्हतं. व्हिडिओतला हात माझा नाही. ती विकत घेतलेली चित्रफीत आहे, हात कुठल्या देशातला आहे तेही मला माहीत नाही. मजकूर मी पुस्तकातून घेतला. हजारो लोकांना मी ते शिकवलं आणि बक्षीसही घेतलं.

शनिवारी भोसरीला गेलो. तिथं एमआयडीसीतल्या एका गाळ्यात आमच्या गावाकडचे ज्योतीराम टर्नर आहेत, लेथवर तीस वर्षं झाली. त्यांना म्हटलं, शिकवा. त्यांनी वर्निअर आणि तीन पिना माझ्यासमोर ठेवल्या. "भावा, आधी चुकून घे, मग बोलू," म्हणाले आणि चहाला गेले.

मी चुकलो. तीन वेळा मोजलं, तीन वेगळी मापं. ते आले, बघितलं आणि विचारलं, "पिन वाकडी धरली की माप वाढतंय का कमी होतंय?" मी पुस्तकातलं उत्तर आठवायला लागलो. ते म्हणाले, "आठवू नको राव, धर वाकडी आणि बघ." वाढलं. मग म्हणाले, "आता जोरात आवळ." कमी झालं. मग मला इतका आनंद झाला की मी गाळ्यातली दिसेल ती वस्तू मोजत सुटलो. त्यांच्या चहाचा ग्लाससुद्धा.

उजव्या हातात वर्निअर, अंगठा खालच्या चाकावर, डाव्या हातात पिन. डावखुऱ्यांनीही असंच धरायचं, नाहीतर आकडे उलटे दिसतात. हे मला ज्योतीरामकाकांनी सांगितलं नाही. मी डाव्या हातात धरून पाहिलं.

निरंजन

०

मारुंजी
२८ मार्च २०२५

सगुणामावशी,

आपली पत्रं वाटेत एकमेकांना ओलांडून गेली. तारीखही एकच. तुमचं वाचून आधी कानापर्यंत लाल झालो, मग "अगं, यात पोपट कुठाय" वाचून एकटाच हसत बसलो. मावशी म्हटलेलं चालेल ना?

पोपट काढला. फुगे काढले. यादी काढली. व्हिडिओचे बेचाळीस मिनिटांवरून एकेक मिनिटाचे पाच तुकडे केले, आणि तेही आधी दिसत नाहीत. आधी पिन धरलेल्या वर्निअरचा फोटो येतो आणि एकच प्रश्न : "हा डबा पाठवाल का?" आपला अंदाज लिहायचा. मग हातात पिन घेऊन खरंच मोजायची, आपल्या वर्निअरचा फोटो काढून पाठवायचा. चुकलं तर "चूक" असं न म्हणता तो विचारतो, पिन सरळ होती का? वर्निअरची तोंडं मिटवून शून्य बघितलं होतं का? बघा आणि परत मोजा. शेवटचा धडा असा, की दुसऱ्या कुणाला तरी शिकवायचं आणि तिनं कुठं चूक केली ते लिहायचं. एका दिवसात सगळं उरकता येत नाही. मधे एक दिवस जावाच लागतो.

विजयश्री मॅडमनी पाहिलं. म्हणाल्या, "निरंजन, पूर्ण करणाऱ्यांचा आकडा साठावर येईल. तुमच्या त्या कंपनीला शंभर दिसायला हवेत. करार जाईल." मी पंधरा दिवसांची मुदत मागून घेतली आहे.

ज्योतीरामकाकांनी टाकाऊ पिनांचा डबा दिलाय आणि दोन जुनी वर्निअर. सहा तारखेला, रविवारी, मी तुमच्या वखारीत येऊ का?

निरंजन

०

कडाचीवाडी
९ एप्रिल २०२५

निरंजनभाऊ,

मावशी म्हणायचं असेल तर म्हणा, मी तुमाला भाऊ म्हणते. नात्याचं गणित बसत न्हाई, पण बसवून घेऊ.

तुमी रविवारी साडेचारला निघालात. नंतर काय झालं ते तुमाला माहीत न्हाई, म्हणून लिहिते.

एकच पिन तिघींनी मोजली आणि तिघींची तीन मापं आली, तिथंपर्यंत तुमी होतात. "यातलं बरोबर कुठलं?" असं शालनबाईनं विचारलं, तर तुमी म्हणालात, "तुम्हीच ठरवा," आणि बस पकडायला गेलात. तुमची पाठ वळल्यावर अंबूबाई म्हणल्या, "त्या पोराला येत न्हाई वाटतं." मी म्हणलं, "तुमी तरी मला कुठं सांगत होता?" तर गालात हसल्या.

मग आमी भांडलो. शालनबाई म्हणली, माझंच बरोबर. मी म्हणलं, माझं. परत मोजली, परत तेच. तिघींची शून्यं बघितली, बरोबर. वाकडी धरली न्हाई. आवळली न्हाई. मग अंबूबाई, ज्यांना इंग्रजी आकडा वाचता येत न्हाई, त्या खाटेवरून म्हणल्या, "तुमी तिघी एकाच जाग्यावर मोजताय का?"

भाऊ, आमी बघितलं. शालनबाई टोकाला मोजत होती, मी मधे, आणि लाइनवरची तिसरी बाई दुसऱ्या टोकाला. पिन मधे फुगलेली आणि एका टोकाला बारीक होती! तिघींचीही मापं बरोबर होती आणि पिन टाकाऊ होती. शालनबाई ओरडलीच. सात वाजेपर्यंत आमी डब्यातल्या सगळ्या पिना तीन-तीन ठिकाणी मोजल्या. मोनिकाला जेवण करायला लावलं. फोटो तुमाला आले असतीलच, शेहेचाळीस हायेत.

ज्योतीरामकाकांना विचारा, ती पिन त्यांनी मुद्दाम घातली होती का?

सगुणाबाई

०

मारुंजी
२२ एप्रिल २०२५

सगुणामावशी,

विचारलं. काका म्हणाले, "मुद्दाम कशाला? आमच्याच लेथवर झालेली चूक हाय ती." आणि लगेच विषय बदलला.

आता ऑफिसचं ऐका. मुदत संपल्यावर विजयश्री मॅडमनी बोलावलं. तुमच्या कंपनीच्या ट्रेनिंगच्या साहेबांनाही बोलावलं होतं. मी तुमचे शेहेचाळीस फोटो मांडले होते, पण ते साहेब म्हणाले, "फोटो ठीक आहेत हो, जुना कोर्स काय वाईट होता?"

मी म्हटलं, "मॅडम, दोन मिनिटं द्या. जुन्या कोर्सची परीक्षा तुम्ही द्या."

"मी? मला वर्निअर म्हणजे काय तेही माहीत नाही."

"म्हणूनच. व्हिडिओ बघू नका. प्रश्नही वाचू नका. सगळ्यात लांब उत्तर दाबत जा."

त्यांनी लॅपटॉप पुढे ओढला. मग दाबत गेल्या. पाचव्या प्रश्नाला त्यांना हसू फुटलं, दहाव्याला थांबलं. वीस झाले. पडद्यावर पंच्याऐंशी मार्क आले, आणि सोनेरी फितीचं सर्टिफिकेट त्यांच्या नावानं बाहेर पडलं. त्या कंपनीच्या साहेबांनी ते हातात घेतलं, खालीवर बघितलं आणि म्हणाले, "आणि आम्ही यावर माणसं घेतो?"

नवा कोर्स घ्यायचं ठरलं. सध्या एकाच तुकडीसाठी, आणि पूर्ण करणाऱ्यांचा आकडा कमी आला तरी चालेल या बोलीवर. मॅडम जाताना मला म्हणाल्या, "ते सर्टिफिकेट माझ्या टेबलावर राहू दे. नवीन कुणी कामाला आलं की दाखवेन."

तुमची परीक्षा शुक्रवारी ना? मला फोन करायचा मोह होतोय, पण तुमची पत्राची सवय मोडवत नाही. लवकर लिहा.

निरंजन

०

मारुंजी
३ मे २०२५

सगुणामावशी,

परीक्षा होऊन आठ दिवस झाले. पत्र नाही. जे झालं असेल ते लिहा. नापास झाला असाल तर चूक माझ्या धड्याची असेल, ती मला कळायला हवी.

निरंजन

०

कडाचीवाडी
६ मे २०२५

निरंजनभाऊ,

उशीर झाला, कारण मला अर्धीच बातमी लिहायची नव्हती. पूर्ण व्हायची वाट बघत होते.

परीक्षेला आमी अकरा जणी होतो. ज्ञानेश साहेबांनी पंधरा पिना दिल्या. माझ्या हाताला इतका घाम की वर्निअर निसटत होतं. पदराला हात पुसला, तोंडं मिटवून शून्य बघितलं आणि सुरू केलं. पहिल्या दोन पिनांनंतर मला लाइनचा आवाज ऐकू यायचा बंद झाला. साहेब मागं उभे होते, तेही नंतर कळलं.

पंधरापैकी चौदा बरोबर आल्या. एक चुकली. साहेब कागद घेऊन निघाले, तर मी म्हणलं, "साहेब, ती चुकलेली परत द्या की." ते म्हणले, "बाई, पास झालात तुम्ही." मी म्हणलं, "ते कळलं, पण चुकली का?" त्यांनी दिली. मी परत मोजली. माझ्या डोळ्यांनी एक रेघ पुढची धरली होती. चष्म्याचा नंबर वाढलाय, दुसरं काही न्हाई. ज्ञानेश साहेब त्या दिवशी पहिल्यांदा हसले.

चार जणी पास झालो. शालनबाई दोन पिनांनी राहिली. मला वाटलं होतं ती बोलणार न्हाई, पण दुसऱ्या दिवशी डबा उघडून म्हणली, "जूनमध्ये परत हाय. तोवर तू मला विचारत जा, सांगू नकोस." आता रोज जेवणाच्या सुट्टीत मी तिला विचारते आणि ती माझ्यावर चिडते.

आता उरलेली अर्धी बातमी. काल माझा क्वालिटीच्या टेबलावरचा पहिला दिवस होता. टेबलावर पांढरा दिवा हाय, खुर्ची हाय. अकरा वाजता चाळीस डब्यांचा एक लॉट आला, गाडी बाहेर उभी. मी पिना काढून मोजायला घेतल्या. पहिल्या चार बरोबर, पाचवी जास्त. सातवी जास्त. मी म्हणलं, "हा लॉट जायचा न्हाई." सुपरवायझर म्हणले, "बाई, गाडी थांबलीय, दोन पिनांचं काय घेऊन बसलात?" भाऊ, मी दोन्ही पिना आणि वर्निअर त्यांच्या पुढं केलं आणि म्हणलं, "तुमीच मोजा, साहेब. आणि मला सांगा, पाठवू का?"

त्यांनी मोजल्या. एकदा. परत एकदा. मग हात वर करून गाडीवाल्याला थांबवलं. सगळा लॉट निवडला, एकसष्ट पिना बाहेर काढल्या. गाडी साडेचारला गेली.

जाण्याआधी प्रत्येक डब्यावर एक पिवळी चिठ्ठी लावतात. तिच्यावर "तपासले" असं छापलेलं असतं आणि पुढं रिकामी रेघ. चार वर्षं मी त्या चिठ्ठ्या चिकटवत होते, रेघेवर सही दुसऱ्याची असायची. काल ज्ञानेश साहेबांनी पेन माझ्यापुढं केलं. मी आधी एका कोऱ्या कागदावर करून बघितली, कारण आयुष्यात माझी सही फक्त बँकेत आणि पोरीच्या प्रगतिपुस्तकावर झालेली. मग चिठ्ठीवर केली. सगुणाबाई कड. चाळीस डबे होते, चाळीस वेळा केली. शेवटच्या डब्यापर्यंत अक्षर चांगलं वळणदार यायला लागलं होतं.

गाडी फाटकातून बाहेर पडेपर्यंत मी उभी राहून बघत होते. कुणी हाक मारली तेव्हा भानावर आले. टेबलावर पुढचा लॉट येऊन पडला होता.

सगुणाबाई